अर्धी वाळू, अर्धं पाणी

५ जानेवारी १९७२, बुधवार

घातलंच हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात! सव्वीस जानेवारीच्या प्रदर्शनात युद्धाचा देखावा — सातवीच्या मुलींकडून. म्हणजे माझ्याकडून. शाळेकडे खर्चाला काही नाही. "घरातल्या वस्तूंतून करा बाई, त्यातच खरी कला." आणि वर, "तुमच्या तर घरातलाच जवान आहे, तुम्हाला काय सांगायचं!"

मला काय सांगायचं म्हणजे? मला कोणी काही सांगतच नाही, हेच तर दुखणं आहे. लढाई संपून तीन आठवडे होत आले. परतुरात पेढे वाटून झाले, मिरवणूक निघून गेली. धर्मराजदादाचं शेवटचं पत्र नोव्हेंबरातलं. त्यानंतर एक ओळ नाही. तातेराव पोस्टमन आताशा आमच्या दारावरून सायकल जोरात नेतो.

७ जानेवारी, शुक्रवार

मुलींनी चाळीसेक काडेपेट्या आणल्या, सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद आणला, एकीनं चक्क घरचा तडकलेला आरसा. काडेपेट्यांचे रणगाडे, उदबत्तीच्या काडीची तोफ. जवान ज्वारीच्या धांड्याच्या भेंडाचे. लहानपणी दादा याच भेंडाच्या बैलगाड्या करायचा. धांड्याची साल सोलायची, आतला मऊ पांढरा भेंड तोडायचा, सालीचे बारीक काटे टोचून जोडायचं. हात कापेल म्हणून साल मला सोलू द्यायचा नाही. आज मी सोलली. कापलाच!

सगळं जमेल. अडलंय एकाच गोष्टीवर. जमीन कसली करायची — वाळू की पाणी?

पेपरात दोन्ही फोटो आहेत. पश्चिमेला वाळवंटातले रणगाडे, पूर्वेला नदी ओलांडणारे जवान. दादा कुठे होता ते आम्हाला ठाऊक नाही. पत्त्यात नुसता आकडा असतो. "हवा बरी आहे, जेवण वेळेवर मिळते, कुठे आहे ते लिहिण्यास मनाई आहे." त्याच्या त्या ठसठशीत अक्षरात. त्याखालची दीड ओळ कुणा साहेबानं काळी केलेली. तो कागद मी शंभरदा उन्हात धरला असेल. एक 'पा' तेवढा दिसतो. पाणी? पाऊस? पाठव? एका 'पा'वरून माणूस कुठे शोधायचा?

८ जानेवारी, शनिवार

हेडमास्तरांनी निकाल लावला — "वाळवंट घ्या. दुधना नदीची वाळू फुकट आहे." शाळेचा संपत शिपाई दोन घमेली आमच्या दारात ओतून गेला.

१० जानेवारी, सोमवार

फळीवर वाळू पसरली. रणगाडे मांडले. बरं दिसत होतं, खोटं कशाला बोला. आई भाकऱ्या टाकून आली आणि बघत उभी राहिली.

"इथं एक बी झाड न्हाई. माणसानं लपावं कुठं?"

"आई, देखावा आहे हा."

"देखावा आसंल. पण लपावं कुठं?"

वाळू परत घमेल्यात भरली.

११ जानेवारी, मंगळवार

आरसा मांडला. कडेनं काळी माती, तिच्यात मोहरी पेरली, चार दिवसांत हिरवं होईल. पेपराच्या होड्या केल्या. लपायला आता जागाच जागा! आईचा चेहरा बघितला तर पांढरा पडलेला.

"पाण्यात नको घालू गं बाई. त्याला पोहता येत न्हाई."

"पलटणीत शिकवतात."

"तुला लिहिल्तं का त्यानं तसं?"

नव्हतं लिहिलं. लिहिलं असतं तर ते खोडलं नसतं बहुतेक. मग का नाही लिहिलं? मी आईवर उगाच ओरडले.

१२ जानेवारी, बुधवार

काही केलं नाही. तातेराव — "न्हाई आलं, बाई." मी विचारलंही नव्हतं.

१५ जानेवारी, शनिवार

अर्धी वाळू, अर्धं पाणी! मधे पुठ्ठ्याची टेकडी. मुलींना भूगोल शिकवते मी, आणि हे असलं करून बसले. पण दोन्हीकडे जवान उभे केले तेव्हा कुठे माझा हात चालायला लागला.

शाळेत नेऊन दाखवलं. हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "बाई, हे नेमकं कुठलं?"

"सीमेवरचं."

"कुठल्या सीमेवरचं?"

"आपल्या."

गोड हसले. "असू द्या. तुमच्या लोकांत पलटणीची परंपराच आहे, तुम्हाला जास्त कळतं." तुमच्या लोकांत! पेढे वाटताना 'आपले जवान', आणि पेढे संपले की 'तुमचे लोक'. ओठावर आलं होतं. नोकरी आहे, गिळलं.

१८ जानेवारी, मंगळवार

नवं फर्मान. "शत्रू पडलेले दाखवा. नाहीतर विजय दिसणार कसा?" सहा जवान शत्रू म्हणून, आपल्यांहून जरा गडद हिरव्या रंगात बुडवून आडवे घातले. आडवे घातल्यावर आपला कुठला, त्यांचा कुठला, काही कळत नाही. रंग वाळल्यावर तर नाहीच नाही.

१९ जानेवारी, बुधवार

सकाळी बघते तर सगळे मेलेले उठून बसलेले! टेकडीला टेकून ओळीनं.

"माझ्या घरात कुणाला आडवं घालायचं न्हाई," आई म्हणाली. "कुणाच्या का माईचा आसंना."

तसंच शाळेत नेलं. हेडमास्तर — "हे रण आहे की प्रार्थनेची रांग?" मला हसू आवरेना. किती दिवसांनी हसले. मग त्याच हसण्यात रडू आलं, फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, मुलींना वाटलं फळा पुसतेय. दुपारी देखावा परत घरी आणला, रंगकाम राहिलंय.

२१ जानेवारी, शुक्रवार

शेजारच्या गावी एका जवानाच्या घरी तार आली. गेला बारा डिसेंबरला, घरी कळलं काल. म्हणजे एवढा वेळ लागतो. म्हणजे इतके दिवस काही आलं नाही, तेव्हा सगळं ठीक असणार — हे जे मी रोज मनाशी घोकते त्याला काही अर्थ नाही.

आईला बोलले नाही. पण तिच्या कानावर आलं असणार. संध्याकाळी बुद्धवंदना म्हणताना मधेच अडली. पंधरा वर्षांचं पाठ, आणि पुढचा शब्द येईना. मी सांगितला. पुन्हा तिथेच अडली.

२३ जानेवारी, रविवार

आईनं दादाच्या जुन्या खाकी चड्डीतून बोटभर पिशव्या शिवल्या, भुसा भरून. वाळूची पोती म्हणून! वीस पोती. मी म्हटलं छान झाली, मोर्च्याला लावू. तिनं ती सगळीच्या सगळी एकाच जवानापुढे रचली. भेंड कमरेत चिरल्यामुळे जरा वाकलेला होता तो.

"सगळी त्यालाच का?"

"आसू दे."



२६ जानेवारी, बुधवार

झेंडावंदन, भाषणं, मग प्रदर्शन. पाहुणे मोठे होते, हातात छडी. देखावा समजावून घेताना छडीनं टेकडी दाखवायला गेले आणि पोती पडली, तो वाकलेला जवानही पडला. "अरेरे!" म्हणत त्यांनी स्वतः वाकून त्याला उचलला आणि उभा केला. टेकडीपलीकडे. शत्रूंच्या ओळीत!

मी हात पुढे केला. हेडमास्तर दातओठ खात, "बाई, बक्षिसांचा निकाल लागेपर्यंत दोरीच्या आत हात नाही." दिवसभर तो तिकडे उभा, आणि मी दोरीच्या बाहेर. दोन विती अंतर असेल!

दुपारी आई आली, धुतलेलं लुगडं नेसून. बघितलं लगेच तिनं.

"त्यो तिकडं कसा गेला गं?"

"पकडला असेल त्यांनी." माझ्या तोंडून निघून गेलं.

आईनं दोरीवरून वाकून पाहिलं. "मंग जित्ता हाय."

मग माझ्याकडे वळली.

"जेवायला घालीत आसतील ना?"

"घालावं लागतं. कायदा आहे तसा."

"बराबर. कायदाच हाय मंग."

घरी येताना वाटेत दोनदा तेच म्हणाली. पोटभर जेवली. महिन्याभरानं! आणि मी? छडी लागून पडलेल्या भेंडाच्या बाहुल्यावरून मी आईला भावाची खबर दिली. शिकलेली बाई मी! उद्या तार आली तर तिला कुठल्या तोंडाने सामोरी जाऊ?

देखाव्याला दुसरं बक्षीस. शाईचं पेन.

२८ जानेवारी, शुक्रवार

आई गल्लीभर सांगत सुटली आहे, "धर्मराज कैदेत हाय." बाया येऊन बसतात, तिला धीर देतात, तीच उलट त्यांना धीर देते. तातेरावालाही सांगितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

३१ जानेवारी, सोमवार

आज आईला खरं सांगायचंच असं ठरवून घरी आले. आई गुणगुणत तांदूळ निवडत होती. नाही सांगितलं.

३ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र आलं! पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून. "मी खुशाल आहे. इथे सोय चांगली आहे. आईने काळजी करू नये." एवढंच. अक्षर दादाचं नाही. आणि सहीच्या जागी अंगठा.

दादाचा अंगठा! आमच्या घरातला पहिला मॅट्रिक. माझा हात धरून मला पाटीवर 'अ' गिरवायला लावणारा.

आईनं माझ्या हातातून कागद घेतला. त्या निळ्या ठशावर बोट फिरवलं, डोळ्यांना लावला. "ह्ये त्याचंच बोट! मला वाचाया येत न्हाई, म्हून वळखू येईल आसं धाडलं बघ पोरानं. पहिल्यांदाच!" मला काही विचारायला ती थांबलीच नाही. कागद घेऊन गल्लीत दाखवायला गेली आहे.