दाराला पाटी असलेल्या गाडीबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
वाहन सोडवणूक कक्ष,
बंदर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : गोदीच्या कुंपणाआड अडकून पडलेले मोटारघर ताब्यात मिळण्याबाबत, ते जमत नसल्यास शेवटी केलेल्या विनंतीबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज, व त्यांपैकी एकाला आपल्याकडून आलेले उत्तर.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा लांब पल्ल्याच्या बसचा निवृत्त चालक आहे. नोकरीभर त्याने दुसऱ्यांना सहलीला नेले आणि त्याची पत्नी घरी राहून त्याचा डबा भरत राहिली. निवृत्तीनंतर तिला शेजारी बसवायचे आणि परदेशात वर्षभर, पाय थकेपर्यंत नव्हे तर टायर झिजेपर्यंत फिरायचे, असे उभयतांचे ठरले होते. त्यासाठी एका जुन्या बसच्या सांगाड्यावर धाकट्या मेहुण्याने, जो सुतार आहे, ओटा, पलंग, कपाटे असा सगळा संसार ठोकून दिला. गाडी बोटीने पुढे रवाना केली, राहते घर कराराने भाडेकरूला दिले आणि उभयता विमानाने येथे उतरले. विमानात पत्नीने खिडकी सोडली नाही. उतरल्यावर तिने पाहिले ते आपले कार्यालय, आणि अजून तेच पाहते आहे.

अडचण पाटीची आहे. गाडी बोटीवर चढण्याच्या आदल्या दिवशी पत्नीने राहत्या घराच्या दारावरची नावाची पाटी काढली व भावाकडून मोटारघराच्या दाराला बसवून घेतली. पाटीखाली पत्रपेटीही लावली. भाडेकरूच्या दारावर आपले नाव कशाला, आणि आपण जिथे झोपणार तिथे पाटी नको का, असे तिचे म्हणणे पडले. अर्जदाराला त्यात काही वावगे वाटले नाही. तो जन्मभर बसच्या पाट्याच बदलत आला आहे. मात्र आपल्या तपासनीस साहेबांनी पाटी वाचली, पत्रपेटीचे झाकण उघडून आत डोकावले, आणि शेऱ्यात ‘वापरातील राहते घर’ असे लिहिले. तेव्हापासून सदर गाडी कागदोपत्री घर आहे.

यानंतर घडले ते थोडक्यात असे :

(१) घर असल्याने ते ज्या भूखंडावर उभे राहणार त्याचा दाखला मागण्यात आला. मोटारघर एका जागी उभे राहत नाही, त्यासाठीच ते केलेले असते, असे अर्जदाराने लेखी कळवले. मग जागा ठरेपर्यंत थांबावे, असे उत्तर आले.

(२) पाटी काढली तर घराची पुन्हा गाडी होईल का, असे विचारता खिडकीवरील बाई म्हणाल्या की, होईल ना काका, त्यात काय, पण पाटी मालकानेच काढायची असते. मालकाला आत जायला सोडवणुकीचा परवाना लागतो. तो परवाना गाडीला मिळतो, घराला मिळत नाही. बाईंनी हे चांगल्या मनाने सांगितले व बसायला खुर्चीही दिली, सबब त्यांच्याविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही.

(३) गाडीला इंजिन आहे, चाके आहेत, हे अर्जदाराने कुंपणाबाहेरून बोट करून दाखवले. तपासनीस साहेबांनी ते तत्काळ मान्य केले आणि शेऱ्यात ‘घर (चाकांसह)’ अशी दुरुस्ती करून दिली.

(४) आता नोटीस निघाली आहे की, महिनाअखेर कोणी ताबा न घेतल्यास सदर घर बेवारस समजून लिलावात काढले जाईल. नोटीस राहत्या घरी बजावणे बंधनकारक असल्याने ती मोटारघराच्याच पत्रपेटीत टाकण्यात आली. गोदीच्या राखणदार दादांनी कुंपणातून हाक मारून सांगितले नसते, तर अर्जदाराला पत्ताही लागला नसता. बेवारस म्हणजे ज्याला कोणी नाही ते. अर्जदार व त्याची पत्नी तर कार्यालय उघडण्याआधीपासून त्या कुंपणाला टेकून उभे असतात.

महोदय, अर्जदार आता दमला आहे. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालण्याची पाळी आली आहे. कळसा दिसतोही, फक्त हात लावायचा नाही. परत जावे तर घरात भाडेकरू आहे. पुढे जावे तर थंडी तोंडावर आली असून डोंगरातले रस्ते लवकरच बंद होतील. मुलगी फोनवर विचारते की, आई, कुठवर पोचलात, आणि पत्नी सांगते की, समोर समुद्र दिसतोय बघ, गार वारा सुटलाय. यात एक अक्षरही खोटे नसते. फोन ठेवल्यावर मात्र ती कुंपणाच्या जाळीतून आपली पाटी पुन्हा वाचत उभी राहते, आणि अर्जदाराला ते पाहवत नाही.

सबब गाडी सोडण्याचा आग्रह अर्जदार आज धरत नाही. विनंती एवढीच की, लिलावापूर्वी एखाद्या दुपारी पत्नीला तासभर मोटारघरात बसू द्यावे. चावी आपण ठेवावी. इंजिन सुरू केले जाणार नाही. ती आपल्या ओट्यावर चहा करील, कपाटे पुसून घेईल आणि बाहेर येईल. तिच्यासोबत अर्जदाराला आत सोडणे नियमात बसत नसेल, तर तो कुंपणाबाहेर थांबेल.

आपला अजूनही नम्र,

(सही)
अर्जदार, निवृत्त बसचालक

दिनांक : कार्यालयाने घालावा. अर्जदाराने मागील अर्जावर सवयीने मायदेशीच्या घड्याळाप्रमाणे घातलेली तारीख अमान्य झाली होती.

सोबत : उभयतांच्या पारपत्रांच्या प्रती, कुंपणाबाहेरून काढलेले दाराचे छायाचित्र.

सहअर्जदार (पत्नी) : सही नाही. स्वतःच्या घरात बसायला मी अर्ज करणार नाही, असे तिने सांगितले आहे. ती बाहेर जिन्यात बसली आहे. अर्ज नामंजूर झाल्यास कृपया आपणच तिला तसे सांगावे. अर्जदाराच्याने ते होणार नाही.