गोळीतून काही वगळता येत नाही

प्रिय बाबा,

उद्या सकाळी दहा वाजता मला माफीनामा द्यायचा आहे. आज रविवार. जेवणं झाली, भांडी झाली, कागद घेऊन बसले. दोनच ओळी लिहायच्या होत्या. त्या जमेनात, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. या सात वर्षांत तुमची आठवण पुष्कळ आली, राग आज पहिल्यांदा आला.

नोकरी तीच आहे. सरकारी दवाखाना, औषधांची खोली, खोलीला एक खिडकी. खिडकी वहीएवढी रुंद. तिच्यातून रोग्याचा हात दिसतो, तोंड दिसत नाही. हात चिठ्ठी ठेवतो, मी गोळ्या ठेवते, हात जातो. तोंड पाहायचं तर वाकावं लागतं. मी वाकते. तिथूनच हे सगळं सुरू झालं.

मागच्या सोमवारी लक्ष्मणराव आले. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून त्यांचे गुडघे गेलेत. चिठ्ठीवर दुखण्याच्या गोळ्या होत्या, दिवसाला तीन, दहा दिवस. मी वाकून विचारलं, "काका, पोटात जळजळ होते का?"

"होते ना, बाई. जेवलो का होते. आता तं शौचाले बी काळं होऊन राह्यलं. पण चालाले गुडघा लागते, पोटाचं काय!"

रांगेतले लोक हसले. मला हसू आलं नाही. काळं म्हणजे पोटातल्या जखमेतून रक्त जात असणार, आणि त्या गोळीने जखम आणखी चिघळते. नागपूरला डिप्लोमाची दोन वर्षं आम्हाला दुसरं काय शिकवलं?

मी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, "सर, यांना शौचाला काळं होतंय. ही गोळी द्यायची का?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुम्ही तपासलंत?"

"नाही. विचारलं."

"विचारायला मी आहे. चिठ्ठीत आहे ते द्यायचं. की उद्यापासून माझ्या खुर्चीवर बसता?"

या वेळी त्यांच्या खोलीतले लोक हसले. दिवस हसण्याचाच होता.

परत आले. खिडकीत हात तसाच होता. आणि मी गोळ्या मोजल्या, बाबा. कागदात बांधल्या आणि दिल्या. "जेवल्यावर घ्या," म्हटलं. एवढंच.

मंगळवारी मेमो आला. रोग्यांदेखत डॉक्टरांवर शंका घेतली, दवाखान्यावरचा विश्वास कमी केला, लेखी माफी द्यावी. गोळ्या दिल्या त्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. शुक्रवारी कळलं की लक्ष्मणरावांना रक्ताची उलटी झाली, वर्ध्याला नेलं आहे. मी धावत ऑफिसात गेले. तिथले बडे बाबू भले आहेत, चहा मागवतात. म्हणाले, "मॅडम, त्या म्हाताऱ्याचा अन् मेमोचा काय संबंध? तो वेगळा कागद, हा वेगळा कागद. दोन ओळी लिहून द्या. गोष्ट खतम."

तुमच्यावर राग याचा, की अशा वेळी काय करायचं हे तुम्हाला नेमकं माहीत होतं, आणि ते माझ्या काही उपयोगाचं नाही.

समुद्रपूरला तुम्ही ज्यांचे कंपाउंडर होतात ते डॉक्टर सांधेदुखीला सगळ्यांना एकच मिक्श्चर लिहायचे. त्यात सॅलिसिलेट असायचं, दुखणं थांबवणारं पण पोटाला झोंबणारं. समोरच्या माणसाचं पोट नाजूक आहे असं कळलं, की तुम्ही ते वगळायचात. त्याऐवजी सोडा, बडीशेपेचं पाणी. बाटलीचा रंग तेवढा सांभाळायचात. बाटलीला खुणांची कागदी पट्टी चिकटवायचात, माणसाच्या तोंडाकडे पाहून "एक खूण सकाळी, एक संध्याकाळी" म्हणायचात. डॉक्टरांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

माझा डिप्लोमा झाला त्या दिवशी तुम्ही हे मला सांगितलंत. एखादा दागिना हातात ठेवावा तसं.

मी विचारलं, "पण डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"काऊन सांगू? माणूस बरा झाला, डॉक्टरचं नाव झालं, आपली भाकर चालू राह्यली. तिघाइचं बी भलं! तू शिकली खरी, सुमन, पण दवाखाना तुले अजून समजला नाई."

आई आतून ओरडली, "बापलेकीनं दवाखाना घरी नका आणू हो!" आपण दोघं हसलो. मी का हसले? तेव्हाच भांडायला हवं होतं.

कारण एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. ती मला आधीच माहीत होती. मी दहावीत असताना तुम्ही तापाने आठ दिवस घरी होतात. त्या आठवड्यात डॉक्टरांच्या भाच्याने बाटल्या भरल्या. चिठ्ठीत होतं तसं भरलं. त्याची काय चूक? पोस्टातले वामनराव, नाजूक पोटाचे, तुमच्याकडून वर्षभर बाटली नेत होते. त्या आठवड्यात त्यांनी भाच्याकडून नेली, आणि रक्त ओकून गेले. तुम्ही अंगात ताप असताना त्यांच्या घरी जाऊन बसलात. परत आलात तेव्हा आईला म्हणालात, "मी असतो तं..." आणि थांबलात.

पुढे का बोलला नाहीत, बाबा? पुढे हेच आलं असतं ना, की डॉक्टरांना आधी सांगितलं असतं तर भाच्याच्या हातूनही बाटली बरोबर भरली गेली असती? तुम्ही बरे झालात, कामावर गेलात, आणि पुन्हा गुपचूप वगळू लागलात. तुमचा हात असेल तिथवर माणसं वाचत होती. हात नसेल तिथे नाही.

मी तुम्हाला टोचून बोलते आहे. हो, बोलते आहे. तुम्ही सातवी शिकलेले. अनुभवावर नोंदणी मिळालेली. डॉक्टरांनी एका शब्दात घरी बसवलं असतं. हे मला कळतं. कळूनही राग जात नाही.

आता काळ बदलला म्हणतात. कंपाउंडर म्हणायचं नाही, फार्मासिस्ट म्हणायचं. दारावर तशी पाटी आहे. शिक्षण, नोंदणी, कायदा, सगळं आलं. तुमच्या हातात औषध तयार व्हायचं, माझ्याकडे ते कारखान्यातून तयार होऊन येतं. कुठलं औषध शरीरात काय करतं हे मला तुमच्याहून जास्त कळतं, आणि करायचं काय, तर मोजायचं! मिक्श्चरमधून काही गुपचूप वगळता येत होतं. गोळीतून काय वगळू? गोळी द्यायची किंवा नाही द्यायची. नाही द्यायची तर तोंडाने सांगावं लागतं, मोठ्याने, सगळ्यांदेखत. हे तुम्ही मला शिकवलं नाहीत. कॉलेजनेही नाही.

काल वर्ध्याला गेले होते. लक्ष्मणराव खाटेवर होते, हाताला रक्ताची बाटली. जिवाचा धोका टळला आहे. मला पाहून उठायला लागले.

"कंपाउंडरबाई आल्या! बाई, रागावू नका, गोळ्या साऱ्या नाई झाल्या. राह्यल्या पिशवीत."

"त्या घेऊ नका," मी म्हटलं. "फेकून द्या."

पायथ्याशी त्यांची बायको बसली होती, सखूबाई. त्या म्हणाल्या, "फेकाच्या काऊन? तुम्हीच तं देल्ल्या. येवढी इचारपूस केली, डॉक्टरपाशी जाऊन आल्या, मंग देल्ल्या. हे तं घ्याले तयार नव्हते, पोट जळते म्हणे. मीच म्हटलं, बाई पाहून-पुसून देते, डोये मिटून खा."

कळलं ना, बाबा? मी विचारलंच नसतं तर पोट जळतं म्हणून त्यांनी स्वतःच गोळ्या सोडल्या असत्या. मी विचारलं, गेले, परत आले आणि दिल्या. त्यांना वाटलं, खात्री करून दिल्या. भाच्याने न कळता दिलं. मी कळून दिलं.

आणि मी काय केलं? अर्धा तास स्टुलावर बसले. सखूबाईंनी मला संत्रं सोलून दिलं. ते मी खाल्लं.

म्हणून दोन ओळी जमत नाहीत. डॉक्टरांची माफी मागायची नाही, हे बसल्या बसल्या ठरलं. उद्याच्या कागदात लिहीन, की रोग्याला विचारणं हे माझं काम होतं आणि ते मी पुढेही करीन. धोका कळल्यावरही गोळ्या दिल्या, ही चूक माझी. ती मेमोत नाही, म्हणून मीच लिहिते आहे. बडे बाबू डोक्याला हात लावतील. नोकरीचं काय होईल ते माहीत नाही. भीती वाटते. तुम्हालाही वाटत असेल, रोज, रंग सांभाळताना.

कागद दिला, की दुपारची एस.टी. धरून वर्ध्याला जाईन. लक्ष्मणरावांना आणि सखूबाईंना सांगेन, की मला माहीत होतं आणि तरी मी दिल्या. सखूबाई शिव्या देतील. देऊ देत. त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत मी तिथून उठणार नाही. एवढा शब्द तुम्हाला देते.

तुमची,
सुमन