ताईची स्वच्छ झारी

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहितोय, कारण फोनवर आपलं भांडण होतं आणि मूळ मुद्दा राहून जातो. परवाही तेच झालं. तू माझ्या पायाच्या प्लास्टरची चौकशी केलीस, मी भोपळ्यांची केली, आणि शेवटी आपण आईचा पितळी डबा कोणी हरवला यावर येऊन थांबलो. तो तूच हरवलास, पण ते असो.

आता नीट वाच. मी नसताना तू माझं घर सांभाळते आहेस, तर अंगणातली ती दोन रोपंही सांभाळ. ते साधे भोपळे नव्हेत, नीट वाढले तर एकेक दोन माणसांना उचलणार नाही. मागच्या वर्षी भोपळा तुझ्या ट्रंकेएवढा झाला आणि मुळं कुजून अख्खा वेल गेला. म्हणून यंदा रोपं लहान असतानाच आळवणी करायची, म्हणजे औषध पाण्यात कालवून मुळाशी ओतायचं. मोरीशेजारच्या फडताळात हिरवट पूड आहे. ती चांगली बुरशी आहे, वाईट बुरशीला खाते. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेव, ऊन उतरल्यावर पूड कालव आणि झारीने बुंध्याभोवती सावकाश ओत. दर आठवड्याला. यात स्वतःची अक्कल घालू नकोस.

इतकी घाई का, तेही सांगतो. ठकीने मला तिच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवलंय. परत जायचं नाव काढलं की रडते. रागाच्या भरात मी बोलून बसलो, की यंदाही वेल गेले तर घराच्या किल्ल्या तिच्या हातात देतो आणि मरेपर्यंत इथेच टीव्ही बघतो. लेक माझीच, तिने शब्द धरून ठेवला. मला माझ्या घरी यायचंय, ताई.

कळावे. लोभ आहेच, तो थोडा रोपांवरही असू दे.

तुझा
ढब्या


दि. १८ मार्च

चि. ढब्यास,
अनेक आशीर्वाद.

डबा तू हरवलास.

अकलेचं म्हणशील तर मी ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स म्हणून निवृत्त झाले आहे. मी परत पाठवलं म्हणून भले भले डॉक्टर पुन्हा हात धुऊन आलेत. तुझं फडताळ उघडलं आणि मला भोवळ यायची बाकी राहिली. झारीच्या आत शेवाळ, तोटीत कोळ्याचा संसार. या भांड्याने तू तान्ह्या रोपांना पाणी पाजत होतास, आणि वर ती कुजली म्हणून गळा काढतोस.

आळवणी सांगितलीस तश्शी करते आहे. फक्त पाणी आधी उकळून गार करते, आणि झारी जंतुनाशकात बुडवून ठेवते, ऐन ओतायच्या वेळी काढते. आता ती अशी चकचकते की तोंड दिसावं. बुरशी चांगली की वाईट ते तुझं तू जाण. मी जन्मभर बुरशी एकाच कामाची ओळखते, पुसून टाकायची.

भिंतीकडचं रोप मात्र जरा मलूल आहे. दुपारी मान टाकतं, संध्याकाळी उचलतं. तुझ्यासारखंच नाटकी. पायाखाली उशी घेतोस ना?

माया आहे म्हणून बोलते, हे लक्षात असू दे.

तुझी
ताई


दि. २१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. ते पाइपात पाय अडकून पडले ते तुला माहीतच आहे. पण पोस्टमन येईपर्यंत ते तासन् तास मातीत पडून होते, हे सांगितलं का त्यांनी? सगळ्यांना ती गोष्ट हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही. ते एकटे होते तेव्हा रोज सकाळी त्यांनी फोन उचलेपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नसे.

तू मुद्दाम काही कर असं मी म्हणत नाही. पण त्या वेलांसाठी जिवाचा आटापिटाही करू नकोस. गेले तर जाऊ देत. इथे त्यांना करमत नाही, हे मलाही दिसतं. काल त्यांनी माझ्या कुंडीतलं चांगलं झाड उपटून मुळं तपासली. पण निदान डोळ्यांसमोर आहेत.

माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागणं.

तुझी
ठकी


दि. २३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. पाय धड असता तर उठून भिंतीवर डोकं आपटलं असतं.

अगं, ती पूड जिवंत आहे. जिवंत! नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मरू नये म्हणून तर पाणी उघडं ठेवायला सांगितलं. तू उकळून गार केलंस, ठीक, तेवढं चाललं असतं. पण जंतुनाशकाने निथळणाऱ्या झारीत ती घातलीस, म्हणजे औषध मारून त्याचं प्रेत रोपांना पाजलंस. घाण भांडं ठेव असं सांगायचं राहिलं, ही माझी चूक. असं कोणाला सांगावं लागेल हे मला कसं सुचावं?

आणि ठकीने तुला पत्र टाकलं तेही मला कळलं. पाकिटावर तुझं नाव होतं, आणि माझे डोळे अजून शाबूत आहेत. तुमचं दोघींचं काय शिजतंय? एकच विचारतो. झारी धुतलीस ती सवयीने, की समजून उमजून?

उत्तर दे. नमस्कार आहेच.

ढब्या


दि. १५ एप्रिल

चि. ढब्यास,
अनेक आशीर्वाद.

राग आला होता म्हणून उत्तराला उशीर केला. समजून करायचं असतं तर रोपं उपटून टाकली असती. दर आठवड्याला झारी घासत कशाला बसले असते? हे तुझ्या डोक्यात येऊ नये याचं मला नवल वाटलं, आणि वाईटही.

भिंतीकडचं रोप गेलं. मुळं तपकिरी होऊन हातात लगद्यासारखी आली. मी पायरीवर बसून रडले, हे ठकीला सांगू नकोस. माझ्या स्वच्छतेने कोणी दगावलं, असं आजवर झालं नव्हतं.

दुसऱ्याला मात्र मी सोडलं नाही. नवी पूड, नवी झारी, शिळं पाणी, सगळं तुझ्या शब्दाबरहुकूम. जगलंय ते. पान माझ्या पंजाहून मोठं झालंय आणि वेल पायरीकडे निघालाय.

आता ठकीचं. पोरगी चुकीचं बोलत नाही. मातीत पडून होतास ते मला गंमत म्हणून सांगितलंस आणि किती वेळ ते गाळलंस. या घरात तू एकटा राहणार नाहीस. मी माझी भाड्याची खोली सोडली, सामानही इथे आणलं. खालची खोली तुला, जिना मी चढेन. ठकीला फोनवर कळवलं तर म्हणाली, आत्या, तू असशील तर बाबांना ने.

आईचा डबा सापडला. तुझ्याच फडताळात, तुझंच बी भरलेला. तो घासून लखलखीत केलाय, तेवढी मुभा असू दे. झारी मात्र कालच्या आळवणीनंतर तशीच, तळच्या हिरव्या गाळासकट, मोरीत ठेवली आहे. येता-जाता माझे हात शिवशिवतात. प्लास्टर निघालं की लगेच ये, मला फार दिवस धीर निघणार नाही.

तुझी
ताई