डिपार्टमेंटलची फोड

तीर्थरूप सिद्धलिंगमामांना,

ताडकळसहून भाचा शिवकांतचे शरणार्थ. तुमची गुडघेदुखी आणि मामींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा करतो. फोनवर तुम्हाला माझं निम्मंच ऐकू येतं आणि या प्रकरणात निम्म्यानंच घात केला आहे, म्हणून सगळं लिहून कळवतो.

सोनपेठच्या शाळेत तुम्ही आम्हाला शिकवायचात की, लांबलचक इंग्रजी शब्द म्हणजे ऊस. कांड्याकांड्यानं तोडावा आणि दर कांड्याला एक टाळी वाजवावी. तेच मी पेंटर जीवनला सांगितलं, कारण दुकानाला शटर दोन आणि नाव लांब. त्यानं इमानदारीनं डाव्या शटरवर 'शिवकांत डिपार्ट' लिहिलं आणि उजव्यावर 'मेंटल स्टोअर्स'. (तोड कांड्यावरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.) पण उजव्या शटरमागं पेंडीची पोती रचलेली, ते कधी उघडतच नाही. सकाळी डावं वर गेलं की दिवसभर 'मेंटल स्टोअर्स' तेवढं उरतं.

परवा तुम्हीच सुचवलेल्या स्थळाचे, वालूरच्या ऋतुजाचे वडील न कळवता आले. मुलगी शाळेत इंग्रजी शिकवते. भेटीत काही विचारलं तर फजिती नको, म्हणून मी रिकाम्या दुकानात फ्रिजसमोर उभा राहून 'रे-फ्रि-ज-रे-टर' म्हणत टाळ्या वाजवत होतो. पाहुण्यांनी आधी शटर वाचलं, मग मला बघितलं. मी चहा घ्या म्हणालो तर, "नगं, गाडी चुकायलीय," म्हणत मागं मागं सरकत गेले. (गाडीला अजून तास होता.)

मामा, फोटो बघितल्यापासून ती मुलगी माझ्या फार मनात भरली आहे. हे स्थळ गेलं तर मला लय वाईट वाटेल. तुमच्याकडं मागणं काही नाही, मन मोकळं केलं इतकंच.

तुमचा,
शिवकांत

ता.क. गुडघा बरा असेल तर वालूरला जाऊन मी शहाणा आहे, एवढं सांगून या. बरा नसेल तरी जाऊन या.

पुन्हा ता.क. पाकीट चिकटवायच्या आत ऋतुजाचा फोन आला. (दुकानाचा नंबर शटरवर 'मेंटल'च्या खालीच आहे, वडिलांनी दोन्ही वाचून घरी सांगितलं.) वडील घरी म्हणाले, "पोरगं येडं हाय, फ्रिजपुढं पाच टाळ्या वाजवल्या." ती म्हणाली, "पाच? मग बरोबर हायत की!" आणि त्यांना पटावं म्हणून कालपासून घरातल्या एकेका वस्तूपुढं उभी राहून टाळ्या वाजवायलीय. वडील घाबरून घराबाहेर ओट्यावर जाऊन बसलेत. तेव्हा मामा, माझं राहू द्या. मुलगी शहाणी आहे, एवढं मात्र त्यांना सांगून या.