बंद राहिलेला व्हॉल्व्ह

बर्गंडी कालवा, जून

प्रिय पापा,

बोट माझ्या हाती देताना तुम्ही बजावलं होतंत, एक चूक झाली की बोट विकणार. ती काल झाली. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून जाळीतलं शेवाळ काढलं, पण व्हॉल्व्ह परत उघडायला विसरले. बोटी वरच्या पाण्यात चढवणाऱ्या लॉकच्या दरवाजाशीच इंजिन तापून बंद पडलं.

लॉक सांभाळणाऱ्या ओडेटमावशींनी दोर टाकून बोट ओढून घेतली. मी रडायला लागले, तर म्हणाल्या, "अगं, तुझ्या बापाला याच कारणासाठी दोनदा ओढलंय मी. वर मलाच दम, पोरीला सांगायचं नाही म्हणून."

पाण्याविना जळालेला पंपाचा रबरी पंखा बदललाय, इंजिन नीट चालतंय. माझी चूक तुम्हाला कळवायलाच हवी. पण तुम्ही आधी विचाराल, बोट कोणी ओढली, म्हणून तेही लिहिलं. आणि खोटं बोलायला तुम्ही मला शिकवलेलं नाही.

तुमची,
सोलीन