फेजमधलं माझं अरबी

३ मे, नास, आयर्लंड.
ठरलं. रजा मंजूर. मोरोक्कोत फेज शहराच्या जुन्या वस्तीत, एका घरात राहून अरबी शिकणार. आमच्या वॉर्डात अरबी पेशंट वाढलेत आणि एकाही ऑर्थोपेडिक डॉक्टरला अरबी येत नाही. मला येईल. तिथे इंग्रजी पूर्ण बंद. भाषांतराचं ॲप डिलीट. वैदेही म्हणाली, इतकी वर्षं आयर्लंडमध्ये राहून केरीकडचा प्लंबर फोनवर इंग्रजीत काय बोलला ते तू मला विचारतोस. बायकोने असं नाउमेद करू नये.

८ मे, फेज.
गल्ल्या अशा की समोरून कोणी आलं तर भिंतीला पाठ लावायची. लोक मात्र प्रेमळ. मला पाहताच "बालक! बालक!" म्हणून हाका मारतात. बेचाळिसाव्या वर्षी! संस्कृत इथवर पोचलंय, यावर लेख लिहायला हवा. कातडी लादलेल्या गाढवाने मागून धडक दिली. खांदा सुजला.
घरमालकीणबाईंची नात घीता कॉलेजात इंग्रजी शिकते. म्हणाली, 'बालक' म्हणजे बाजूला व्हा. असेल. एका शब्दाला दोन अर्थ असतात. तिला बजावलं, आजपासून माझ्याशी इंग्रजी नाही. आजीचं बोलणं समजावून सांगणं तर मुळीच नाही.

१३ मे.
आजी म्हणजे लल्ला झोहरा; 'लल्ला' म्हणजे आपलं 'बाई'. माझ्या प्रत्येक वाक्याला हसतात. मटणाचे मऊ तुकडे माझ्याकडे सरकवतात. मी डॉक्टर आहे हे आज अरबीत सांगितलं. त्यांनी लगेच शेजारणी गोळा केल्या. मी सगळ्यांचे गुडघे तपासले. अभ्यास उद्यापासून.

१७ मे.
व्याकरणाचं पुस्तक अजून उघडलं नाही. भाषा पुस्तकातून येतच नसते. आज लल्ला झोहरा जेवल्या नाहीत. माझ्याजवळ बसून बराच वेळ बोलल्या. छातीवर हात ठेवला, मग डाव्या दंडावरून खाली फिरवला. जवळजवळ सगळं कळलं. 'काळीज' कळलं, 'रात्र' कळलं. मुलगा फ्रान्सला आहे, त्याच्या आठवणीने जीव तुटतो. लहानपणी त्याला कडेवर घ्यायच्या, तेही दाखवलं. माझेच डोळे भरून आले. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं. मी ठासून "ला, ला" म्हटलं, नाही नाही, असं मनाला लावून घ्यायचं नाही. घीता इंग्रजीत सुरू झाली. मी बोट वर केलं. नियम म्हणजे नियम. आजीही तिला काहीतरी म्हणाल्या, तेव्हा ती गप्प झाली.
इतका सलग संवाद पहिल्यांदाच जमला.

१८ मे.
लल्ला झोहरा पहाटे गेल्या. हार्ट अटॅक.
घीता घराच्या चौकात उभी होती. इंग्रजीतच बोलली. "रात्री छातीत दुखतं, कळ हातात उतरते, असं सांगत होती ती तुम्हाला. दवाखान्यात जाऊ का, म्हणून विचारलं. तुम्ही नाही म्हणालात."
मी म्हटलं, मग तू का नाही बोललीस?
"बोलत होते. आजी म्हणाली, गप्प बस, डॉक्टरांना सगळं कळलंय."
फेजचे उच्चार फार वेगळे. अक्षरं गिळतात. शिवाय मी हाडांचा डॉक्टर, हृदयाचा नाही.
दुपारी एका शेजारणीने पाव आणि सूप आणून ठेवलं. खाल्लं.

२ जून, नास.
वैदेहीने विचारलं, कसं झालं? ग्रँड, म्हटलं. इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात.
वॉर्डात सुदानचे एक आजोबा आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालेले. सिस्टर म्हणाली, बरं झालं आलात डॉक्टर, तुम्हाला आता अरबी येतं ना?
मी म्हटलं, नाही. दुभाष्याला बोलवा.
तो येईपर्यंत खाटेजवळ थांबलो. आजोबांनी माझं मनगट धरलं होतं. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. सुदानी उच्चार तर आणखी अवघड.
दुभाषा आला. म्हणाला, पाणी मागतायत.
मी आणून दिलं.