वारं लागलं म्हणालात

अहो,

तुमी गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनातच बोलते. आज लिहितेय, कारण आज लई राग आलाय. काल तुमच्या बँडमधले ढोलवाले रफिकभाई आलते. चहा पुढं ठेवला तर रडायलाच लागले. म्हणाले, "भाभी, त्यानं शपथ घातलती, म्हणून गप होतो. गाठीचं त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं."

मग बाकीचं सगळं मी त्यांच्याकडून वदवून घेतलं.

कानाखाली सुपारीएवढी गाठ होती, तेव्हा मी म्हणायची, दाखवा. तुमी म्हणायचात, चरबी हाय. अन् गुपचूप अंबाजोगाईला दाखवूनही आलात! डॉक्टरांनी म्हणे तुमच्या गालावर पंजा पसरून समजावलं. कानाखालून एक नस निघते, तिला अशा पाच फांद्या फुटतात. एक कपाळाला, एक डोळ्याला, मग गाल, ओठ, मान. गाठ त्यांच्यावरच बसलीय. फांद्या सांभाळून काढू, पण ओठ काही दिवस ढिला पडंल. एखाद्याचा कायमचाही पडतो.

तुमी तेवढंच ऐकलं. लग्नसराई तोंडावर, अन् ओठ आवळल्याबिगर क्लॅरिनेट वाजत न्हाई. उठून आलात!

पुढं गाठीनंच ती नस खाल्ली. तोंड वाकडं झालं, वाजवणं तसंही गेलंच. तेव्हा मला काय सांगितलं? एसटीच्या खिडकीत बसलो, गार वारं लागलं! अन् मी येडी, तव्यावर फडकं तापवून रोज तुमचा गाल शेकत बसले. "आज जरा सरळ दिसतंय," म्हणायची. तुमी हूं म्हणायचात. कशापायी म्हणालात हो हूं?

उजवा डोळा मिटायचा न्हाई तुमचा. त्या उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघत खोटं बोललात. शेवटी त्या गाठीनंच तुमचा जीव घेतला, अन् तो डोळा मीच हातानं मिटला. आपणच यांना लवकर दवाखान्यात नेलं न्हाई, म्हणून तेव्हापासून स्वतःला शिव्या देतेय.

एकदा विचारायचं तरी! वाकड्या ओठाचा नवरा मला चालला असता. चाललाच की!

आता माझा शब्द ऐका. गल्लीत कुणाच्या कानाखाली गाठ आली, कुणाचं तोंड वाकडं झालं, तर मी तवा तापवू देणार न्हाई. तुमचं नाव घेऊन सगळं सांगीन. तुमची अब्रू गेली तर जाऊ द्या. हाताला धरून अंबाजोगाईच्या एसटीत बसवीन, अन् तेही खिडकीपाशी.

तुमचीच, पण लई चिडलेली,
सुलोचना